गेरूला मिळालेलं क्रेडिट

या महिन्यात पत्रं इतकी आलीयेत की संपादक म्हणाले, बाई, जमतील तेवढीच घ्या. मी सहा घेतलीयेत. बहुतेकांची सुरुवात "परवा व्हॉट्सॲपवर आलं होतं की..." अशीच आहे, त्याला माझी काही हरकत नाही, मलाही बरंच काही तिथूनच कळतं. फक्त नौपाड्यात तीस वर्षं लॅब चालवल्यामुळे एक खोड लागलीये, कुठलाही रिपोर्ट हातात आला की आधी वरची ओळ बघायची, सॅम्पल कोणाचं आहे. उंदराचं की माणसाचं, तीस जणांचं की तीन लाखांचं. तेवढं बघत बघत उत्तरं देते.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७३ वर्षांच्या आहेत. माझी मुलगी कॅनडात असते, ती म्हणते आजीला नागिणीची लस द्या, त्याने डिमेन्शिया होत नाही हे सिद्ध झालंय. लस बरीच महाग आहे. सासूबाईंचं म्हणणं, मला कधी नागीण झालीच नाही तर लस कशाला टोचायची? कोणाचं ऐकू? – एक सून, वाशी

आधी सासूबाईंचं बघू. नागीण बाहेरून येऊन चिकटत नाही. लहानपणी कांजिण्या झाल्या की तोच व्हायरस पाठीच्या कण्याजवळ नसांच्या ज्या गाठी असतात तिथे जाऊन लपतो आणि पन्नास-साठ वर्षं गपचूप पडून राहतो. वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली, की एखाद्या नसेची वाट धरून कातडीपर्यंत येतो आणि त्या नसेच्या हद्दीत जेवढी कातडी येते तेवढ्यावरच पुळ्या उठतात, म्हणून तो पट्टा दिसतो आणि तोही एकाच बाजूला. म्हणजे "झाली नाही" याचा अर्थ "अजून झाली नाही" एवढाच.

आमच्या आजीच्या वेळी लोक जाम घाबरायचे, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस गेला म्हणायचे, आणि ती पुढे सरकू नये म्हणून गेरूची रेघ मारायचे. आणि खरंच ती सरकायची नाही हो! कारण उजव्या बाजूची नस डावीकडे जातच नाही. पण क्रेडिट मिळायचं गेरूला.

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण तुमच्या मुलीच्या मुद्द्यातही खरा पेच हाच आहे, क्रेडिट कोणाला द्यायचं. लस घेणारी म्हातारी माणसं कोण असतात? जी सकाळी मिनी सीशोअरला चालायला जातात, बीपीची गोळी वेळेवर घेतात, ज्यांची मुलं डॉक्टरकडे घेऊन जातात ती. त्यांना डिमेन्शिया कमी झाला तर ते लसीमुळे की चालण्यामुळे की मुलांमुळे? इतकी वर्षं असल्या अभ्यासांचं घोडं इथेच अडायचं.

मग वेल्समध्ये एक मजा झाली. तिथे १ सप्टेंबर २०१३ पासून नागिणीची लस सरकारी खर्चाने सुरू झाली, आणि नियम असा की जे २ सप्टेंबर १९३३ ला किंवा त्यानंतर जन्मले त्यांना मिळणार, त्याआधी जन्मलेल्यांना कधीच नाही. आता विचार करा, त्या तारखेच्या एक आठवडा आधी जन्मलेली आजी आणि एक आठवडा नंतर जन्मलेली आजी, दोघींत फरक काय? चालणं तेच, जेवण तेच, मुलांची कटकट तीच. फरक एवढाच की आधीच्या आठवड्यात जन्मलेल्यांत लस घेणारं जवळपास कोणीच नाही आणि नंतरच्या आठवड्यात जन्मलेल्यांत एकदम ४७ टक्के लोकांनी घेतलेली. पास्कल गेल्डसेट्झर आणि त्यांच्या स्टॅनफर्डच्या टीमने या वयाच्या २ लाख ८० हजारांहून जास्त लोकांची रेकॉर्ड्स तपासली, सात वर्षांत कोणाला डिमेन्शिया झाला ते बघितलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये ते नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं. लस घेतलेल्यांत डिमेन्शियाचं निदान साधारण २० टक्क्यांनी कमी. बायकांमध्ये हा फायदा पुरुषांपेक्षा बराच जास्त.

आता हाच आकडा दुसऱ्या बाजूने वाचला तर शंभर जणांनी लस घेतली तर सात वर्षांत साधारण साडेतीन जण वाचले. दोन्ही आकडे खरेच आहेत, पण फॉरवर्ड होऊन येतो तो २० वालाच. आणि "होत नाही" असं कुठेच नाहीये, "कमी होतो" असं आहे, हे मुलीला जरूर सांगा.

अजून एक. वेल्समध्ये दिली ती जुनी, जिवंत पण कमजोर केलेल्या व्हायरसची लस होती. आपल्याकडे २०२३ पासून मिळतेय ती वेगळी, शिंग्रिक्स, त्यात जिवंत व्हायरस नाही, दोन डोस दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने, पन्नाशीच्या पुढच्यांना. तिच्याबद्दल ऑक्सफर्डच्या लोकांनी २०२४ मध्ये अमेरिकेतली दोन लाखांवर रेकॉर्ड्स बघून सांगितलं की ज्यांना पुढे डिमेन्शिया झालाच, त्यांना तो जुनी लस घेतलेल्यांपेक्षा सरासरी १६४ दिवस उशिरा झाला. साडेपाच महिने म्हणजे घरी सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने काही कमी नाहीत.

माझं मत विचाराल तर मी स्वतः घेतलीये, पण ती नागिणीसाठी. माझ्या आत्येसासूबाईंना पुळ्या गेल्यावरही वर्षभर अशी आग व्हायची की अंगाला साडीचा काठ लागला तरी डोळ्यात पाणी यायचं. ते बघितल्यावर मी हिशोब केला नाही. हात दोन दिवस ठणकला, रात्री ताप आला, संपलं. डिमेन्शियाचं जे काय मिळेल ते वरकड. सासूबाईंना बाकी कुठली औषधं चालू आहेत ते फॅमिली डॉक्टरांना दाखवून मग ठरवा.

प्रश्न : ९० टक्के सेरोटोनिन पोटात बनतं असं वाचलं. माझ्या मुलाला डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. त्या बंद करून घरचं दही आणि प्रोबायोटिकची पावडर सुरू केली तर? – एक आई, कळवा

गोळ्या बंद करू नका. हे आधी लिहिलं, कारण पुढचं कोणी वाचो न वाचो.

आकडा खरा आहे, शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यातच बनतं. पण ते बनतं आतड्याच्या स्वतःच्या कामासाठी, अन्न पुढे ढकलायला वगैरे, आणि रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जी गाळणी आहे ती ते ओलांडत नाही. मेंदू स्वतःचं सेरोटोनिन स्वतः बनवतो. तुम्ही ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडलीत तर वाशी येईल, पनवेल येईल, पण दादर येणार नाही, कितीही गाड्या सोडा.

मग पोटातल्या बॅक्टेरियाचा मेंदूशी संबंधच नाही का? आहे, पण वाट वेगळी आहे. २०११ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या गटाने उंदरांना लॅक्टोबॅसिलसचा एक खास वाण पाजला, उंदरांची भीती कमी झाली, आणि पोटातून मेंदूकडे जाणारी व्हेगस नस कापल्यावर तो परिणाम गायब. जगभर गाजलं ते. मग त्याच लोकांनी तोच वाण २९ निरोगी पुरुषांना दिला, आणि बिनऔषधाच्या पावडरीपेक्षा काही म्हणजे काही फरक पडला नाही. तेही त्यांनी २०१७ मध्ये प्रामाणिकपणे छापलं, पण ते तुमच्या ग्रुपवर आलं नसेल.

२०२३ मध्ये लंडनला ४९ जणांवर एक छोटी ट्रायल झाली, गोळ्या घेऊनही पूर्ण बरं न वाटणारे लोक होते, त्यांना चौदा वाणांचं प्रोबायोटिक दिलं तर थोडी जास्त सुधारणा दिसली. पण गोळ्या चालू ठेवून. आणि ४९ माणसं म्हणजे ठाणे लोकलच्या अर्ध्या डब्यात पण उठून दिसणार नाहीत, तेव्हा मोठ्या ट्रायलची वाट बघायला हवी. दही खाऊ दे की त्याला, घरचं विरजण चांगलंच असतं, जेवणात खाऊ दे, औषध म्हणून नको.

प्रश्न : केरळातल्या मेंदू खाणाऱ्या अमीबामुळे आमच्या सोसायटीत घबराट आहे. उन्हाळ्यात टँकर येतो, ते पाणी प्यायचं की नाही? मी रोज सकाळी नळाच्या कोमट पाण्याने जलनेती करतो, त्याने नाक स्वच्छ राहून संरक्षण मिळेल ना? – एक योगप्रेमी, घोडबंदर रोड

काका, पत्र वाचून मी खुर्चीतून उठलेच. तुम्ही ज्याला घाबरताय त्याने काही होत नाही आणि ज्याच्यावर भरवसा ठेवलाय तिथेच गडबड आहे.

हा अमीबा, नेग्लेरिया फाउलेरी, गोड्या आणि कोमट पाण्यात राहतो, तळी, डबकी, न धुतलेल्या टाक्या. पाणी प्यायल्याने तो होत नाही. पोटात गेला तर मेला. त्याचा रस्ता एकच, नाक. नाकाच्या वरच्या टोकाला एक हाड असतं, बारीक बारीक भोकांचं, अक्षरशः चहाच्या गाळणीसारखं, त्या भोकांतून वासाच्या नसा मेंदूत जातात आणि हा त्यांच्याच बरोबरीने वर चढतो. म्हणून तळ्यात सूर मारणाऱ्या पोरांना होतो. आणि २०११ मध्ये अमेरिकेत लुइझियानात दोन माणसं गेली ती पोहून नाही, नळाचं पाणी नेतीच्या भांड्यात घेऊन नाक धुतल्यामुळे.

तर नेती बंद करा असं मी म्हणत नाही, पाणी खळखळून उकळा, एक मिनिटभर तसंच उकळू द्या, झाकून गार करा आणि मग वापरा. गीझरचं गरम पाणी म्हणजे उकळलेलं पाणी नव्हे, आणि चिमूटभर मीठ टाकलं म्हणून पाणी निर्जंतुक होत नाही. नेतीचं भांडंही रोज धुऊन कोरडं ठेवा. क्लासमधल्या बाकीच्यांनाही सांगा, सगळे एकाच पिंपातून पाणी घेत असतील तर आजच सांगा.

आजार फार दुर्मीळ आहे पण झाला तर शंभरातले ९७ जातात, म्हणून बातमी मोठी होते. जुलै २०२४ मध्ये कोझिकोडचा १४ वर्षांचा एक मुलगा यातून वाचला, लवकर ओळखलं गेलं म्हणून, आणि त्याला दिलेल्या औषधांत मिल्टेफोसिन होतं, जे मुळात काळ्या आजारासाठी वापरतात. पोहून आल्यावर काही दिवसांत जोरात डोकेदुखी, ताप, उलट्या, मान आखडणं असं झालं तर डॉक्टरांना "पोहायला गेलो होतो" हे वाक्य आपणहून सांगायचं, ते विचारतीलच असं नाही. सोसायटीच्या पूलमध्ये क्लोरीन नीट असेल तर तिथे तो टिकत नाही, खाऱ्या पाण्यातही नाही.

टँकरचं म्हणाल तर तिथे घाबरायचं ते टायफॉइडला आणि काविळीला. माझ्या लॅबमध्ये दर पावसाळ्यात एकाच बिल्डिंगमधली पाच-सहा सॅम्पल्स कावीळ पॉझिटिव्ह यायची, आणि फोन करून विचारलं की टाकी कधी धुतली होती, तर सेक्रेटरी म्हणायचे, बघून सांगतो.

प्रश्न : मेंदूत चमचाभर प्लास्टिक सापडलं म्हणे. आम्ही ऑफिसात रोज प्लास्टिकच्या पिशवीतून कटिंग मागवतो. – पाच जण, महापे

फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू मेक्सिकोच्या संशोधकांनी मेलेल्या माणसांच्या मेंदूचे नमुने तपासून नेचर मेडिसिनमध्ये ते लिहिलं होतं, आणि २०१६ च्या नमुन्यांपेक्षा २०२४ च्या नमुन्यांत साधारण दीडपट प्लास्टिक दिसलं असंही. चमचा तिथूनच आला. पण नमुना जाळून त्याच्या वायूवरून प्लास्टिक ओळखायची जी पद्धत त्यांनी वापरली, तिच्यात चरबी जळली तरी पॉलिथिनसारखाच सिग्नल येऊ शकतो, आणि मेंदूइतकी चरबी असलेले अवयव थोडेच, त्यामुळे दुसऱ्या संशोधकांनी त्या आकड्यावर जोरदार शंका घेतलीये. मी अजून चमचा मोजत नाहीये.

मला जास्त विचारात टाकलं ते इटलीतल्या कामाने, २०२४ चं. मानेच्या रक्तवाहिनीत साठलेला थर ऑपरेशन करून काढलेले २५७ लोक, त्यातल्या ५८ टक्के लोकांच्या थरात पॉलिथिन सापडलं, आणि पुढच्या जवळपास तीन वर्षांत अशा लोकांत हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा मृत्यूचा धोका साडेचार पट. प्लास्टिकमुळेच झालं हे अजून कोणी दाखवलेलं नाही, कदाचित बाहेरचं जास्त खाणारे, रस्त्यावर जास्त राहणारे तेच लोक असतील, परत गेरूचीच गोष्ट. पण उकळता चहा पातळ पिशवीत ओतायला तुम्हाला संशोधनाची वाट कशाला बघायचीये? स्टीलची किटली घेऊन पोराला पाठवा, पाच जण आहात, दोनशे रुपयांत होईल.

प्रश्न : सोसायटीच्या हेल्थ कॅम्पमध्ये बाबांच्या (वय ७८) लघवीत पस सेल्स निघाले म्हणून कल्चर केलं. ई. कोलाय आलाय आणि औषधांच्या यादीत जवळपास सगळीकडे ‘आर’. दोनच इंजेक्शनं ‘एस’ आहेत. बाबांना त्रास काहीच नाही, रोज पत्ते खेळतात. ॲडमिट करून इंजेक्शन द्यावं का? नवीन अँटिबायोटिक निघालंय म्हणतात ते मिळेल का? – एक मुलगा, नेरुळ

हा माझा विषय, जरा बसून वाचा.

कल्चर म्हणजे आम्ही काय करतो, लघवीचा थेंब जेलीच्या बशीवर पसरतो, रात्रभर शरीराइतक्या उबेत ठेवतो. ई. कोलाय पोटभर खायला मिळालं की वीस मिनिटांत दुप्पट होतो, सकाळी बशी भरलेली. मग तो जंतू नव्या बशीवर पसरून वर अँटिबायोटिकच्या टिकल्या ठेवतो, पेपरच्याच असतात, बांगडीच्या दुकानातल्या टिकल्यांएवढ्या. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती मोकळं वर्तुळ दिसलं तर औषध लागू, म्हणजे ‘एस’. जंतू टिकलीला खेटून वाढला तर ‘आर’. पूर्वी एखाद-दुसरा ‘आर’ दिसला की आम्ही बशी एकमेकींना दाखवायला न्यायचो. रिटायर व्हायच्या सुमारास पूर्ण मोकळी वर्तुळं दिसली तर बशी दाखवायला न्यायचो.

पण रिपोर्ट फक्त बशीत काय झालं ते सांगतो. बाबांना आजार आहे का हे बशी सांगत नाही. या वयात लघवीत जंतू असणं आणि त्रास काही नसणं हे खूप कॉमन आहे, आणि जळजळ नाही, ताप नाही, कंबर दुखत नाही, तर बहुतेक वेळा औषध न देणं हेच बरोबर असतं. गरोदर बाई किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर गोष्ट वेगळी. उगाच इंजेक्शन दिलं तर हा जंतू जाईल, महिन्याने दुसरा येईल आणि त्याच्या यादीत उरलेले दोन ‘एस’ही नसतील. मग खरोखर ताप भरला त्या दिवशी काय देणार? आणि कॅम्पमध्ये बाटली दोन तास टेबलावर उन्हात पडली असेल तर तेवढ्यातही जंतू वाढतात, हे त्यांना विचाराच. डॉक्टरांना रिपोर्टबरोबर बाबांनाही दाखवा, लोक नुसता रिपोर्टचा फोटो पाठवतात.

जंतू हे शिकतात कुठून, तर एकमेकांकडून. डीएनएचं एक छोटं कडं असतं, त्यात "हे औषध असं तोडायचं" असं लिहिलेलं, ते एक जंतू दुसऱ्याला देतो, जात वेगळी असली तरी देतो, या बाबतीत ते आपल्यापेक्षा पुढारलेले. त्यातल्याच एका एन्झाइमला एनडीएम नाव पडलं, ‘नवी दिल्ली’ त्यात आहे म्हणून २०१० मध्ये आपल्याकडे बराच आरडाओरडा झाला होता, नावावरून. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात थेट १२ लाख ७० हजार माणसं गेली असा लॅन्सेटमधला अंदाज आहे, त्यावर मात्र तेवढं ओरडलं गेलं नाही.

तुम्ही म्हणताय ते नवीन औषध बहुधा झोसुराबाल्पिन. जानेवारी २०२४ मध्ये त्याचं काम छापून आलं आणि आयडिया खरंच सुंदर आहे. काही जंतूंना बाहेरून चरबी आणि साखरेचा एक कोट असतो, त्याचा माल आत बनतो आणि एका पुलावरून बाहेर नेला जातो. हे औषध माल पुलावरच अडकवतं, ऐरोलीचा पूल संध्याकाळी सातला होतो तसा, आत ढीग साठतो आणि जंतू मरतो. पण ते चालतं फक्त ॲसिनेटोबॅक्टर या आयसीयूतल्या जंतूवर, त्याच्या माणसांवरच्या ट्रायल्स चालू आहेत, आणि ई. कोलायवर त्याचा उपयोग नाही. बाबांना पत्ते खेळू द्या, पाणी भरपूर पाजा.

प्रश्न : मी सातवीत आहे. आम्ही शाळेतून फ्लेमिंगो बघायला गेलो होतो. नुसत्या डोळ्यांनी दिसणारा बॅक्टेरिया असतो का? सर नाही म्हणाले. – ऐरोली

असतो! सरांना वाईट वाटून देऊ नकोस, २०२२ पर्यंत मी पण नाहीच म्हटलं असतं.

त्याचं नाव थायोमार्गारिटा मॅग्निफिका. कॅरिबियन समुद्रात ग्वाडेलूप नावाचं बेट आहे, तिथल्या खारफुटीत पाण्यात बुडून कुजलेल्या पानांवर तो पांढऱ्या दोऱ्यांसारखा लटकलेला असतो. ऑलिव्हिए ग्रो नावाच्या शास्त्रज्ञाला तो २००९ मध्येच दिसला होता, पण एवढा मोठा म्हणजे बॅक्टेरिया कसा असेल, त्यामुळे तो नक्की कोण हे कळेपर्यंत बरीच वर्षं गेली. एक दोरा म्हणजे एकच पेशी, साधारण एक सेंटीमीटर, कधी कधी दोन. आपला ई. कोलाय दोन मायक्रॉनचा, म्हणजे ते पाच हजार एका रांगेत उभे केले की एक सेंटीमीटर होतील. आणि बॅक्टेरियाचा डीएनए असाच मोकळा तरंगत असतो असं पुस्तकात आहे ना, याने तो छोट्या छोट्या पिशव्यांत भरून ठेवलाय, कलिंगडात बिया असतात तसा.

तो जगतो गंधकावर. ओहोटीला ऐरोलीच्या पुलावरून जाताना सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि सगळे गाडीची काच वर करतात, तो वास हायड्रोजन सल्फाइडचा, खारफुटीच्या चिखलात हवा नसते तिथे दुसरे बॅक्टेरिया तो वायू तयार करतात, आणि याला नेमका तोच लागतो. चिखल आपल्याकडे आहे, वास आहे, तिवराची कुजकी पानं आहेत, निवटे आणि चिंबोऱ्या आहेत. आपली ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे जगाने जपायची म्हणून नोंदवलेली पाणथळ जागा आहे, त्यामुळे आत उतरून काही उचलायचं नाही, पण पुढच्या वेळी बोटीतून किंवा लाकडी वाटेवरून जाशील तेव्हा सगळे फ्लेमिंगोंचे फोटो काढत असतील, तू खाली पाण्यातल्या पानांकडे बघ. भिंग मात्र ने बरोबर.